ॲल्युमिनियममध्ये १४ न्यूट्रॉन कसे, आणि तीच वजाबाकी हुपरीच्या चांदीला का चालत नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीनशॉप चालवणाऱ्या एका दादांचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा नववीत आहे. 'अणुवस्तुमानातून अणुअंक वजा केला की न्यूट्रॉन मिळतात' असं क्लासमध्ये शिकवलं. पोराने तक्त्यात बघून ॲल्युमिनियमचे २६.९८ घेतले, त्यातून १३ वजा केले, उत्तर आलं १३.९८. सरांनी '१४ लिही' म्हणून विषय संपवला. आता पोरगा हटून बसलाय, की उरलेला ०.०२ न्यूट्रॉन गेला कुठे? दादा लिहितात, 'रोज ॲल्युमिनियमची कास्टिंग माझ्या हाताखालून जातात, पण मलाही सांगता येईना.'

दादा, उत्तर १४च आहे. पण पोराची शंका रास्त आहे, आणि '१४ लिही' हे तिचं उत्तर होत नाही. मी शिरोलीला धातू तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. या दोन्ही संख्या, १३ आणि २७, आमच्याकडे मशीनवर डोळ्यांसमोर दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो ०.०२ न्यूट्रॉन कुठे गेला नाही, कारण तो कधी नव्हताच. पोराने वजनातून नग वजा केले. तुमच्या दुकानात कुणी म्हणालं, पेटी २७ किलोची आहे, त्यात १३ बोल्ट आहेत, म्हणजे नट १४, तर तुम्ही त्याला चहा पाजून घरी पाठवाल. तसंच हे. २६.९८ हे वजन आहे आणि १३ ही मोजदाद आहे. मोजदादीतून मोजदादच वजा व्हायला हवी.

शाळेच्या पुस्तकात त्यासाठी दोन वेगळे शब्द दिलेले असतात आणि घाईत तेच एकमेकांत मिसळतात. अणुवस्तुमानांक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची एकूण संख्या (त्यातले फक्त प्रोटॉन मोजले की तो अणुअंक). ती नेहमी पूर्णांक असते, अर्धी-पाऊण असूच शकत नाही. अणुवस्तुमान म्हणजे अणू प्रत्यक्ष किती भरतो ते, आणि ते पूर्णांक असण्याचं काही कारण नाही. तक्त्याच्या चौकटीत छापलेलं असतं ते दुसरं. वजाबाकीत लागतं ते पहिलं. ॲल्युमिनियमचा अणुवस्तुमानांक २७, अणुअंक १३, म्हणून २७ − १३ = १४. हिशोब इतकाच. पण १३ कुणी ठरवले आणि २७ कुणी ठरवले, हे कळल्याशिवाय पोराचं समाधान व्हायचं नाही, आणि होऊही नये.

आधी १३.

तुमचा माल आमच्याकडे येतो तेव्हा आम्ही त्याला स्पेक्ट्रोवर स्पार्क देतो. आरगॉनमध्ये ठिणगी पडते, धातूचा अगदी थोडा भाग तापून चमकतो आणि त्या उजेडातल्या रेषांवरून कुठला धातू किती टक्के ते कळतं. ॲल्युमिनियमच्या ३९४ आणि ३९६ नॅनोमीटरजवळच्या दोन रेषा ओळखीच्या आहेत. या रेषा बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या उड्यांमुळे येतात. त्यावरून 'हा ॲल्युमिनियम' इतकं नक्की कळतं, पण १३ हा आकडा त्यातून थेट निघत नाही. न्यूट्रॉनचा तर पत्ताच लागत नाही. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनला त्याचं सोयरसुतक नसल्यासारखंच असतं.

१३ मिळतो तो एक्स-रेमधून. गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, सोन्याचा कॅरेट बघायला पेढीवर जे मशीन ठेवलेलं असतं, दागिना आत ठेवून झाकण लावलं की थोड्या वेळात आकडे दाखवतं, ते याच तत्त्वावर चालतं. अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवला की त्याच्या जागी वरचा इलेक्ट्रॉन येतो आणि ठरावीक ऊर्जेचा एक्स-रे बाहेर टाकतो. आतला इलेक्ट्रॉन केंद्रकाला चिकटून असल्यासारखा असतो. त्यामुळे तो किती ओढला जातोय, म्हणजे एक्स-रेची ऊर्जा किती, हे केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येवर ठरतं. हे हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ साली दाखवून दिलं. १९१४च्या निबंधात त्याने के-मालिकेचा (सर्वांत आतल्या कक्षेच्या एक्स-रेंचा) आलेख ॲल्युमिनियमपासून सुरू करून चांदीपर्यंत नेला आणि एल-मालिकेचा (त्याबाहेरच्या कक्षेच्या एक्स-रेंचा) सोन्यापर्यंत. पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला, वय २७. तोपर्यंत अणुअंक म्हणजे तक्त्यातला निव्वळ हजेरी क्रमांक होता. मोझलीनंतर तो मोजता येणारा आकडा झाला.

पोराला हे वहीत करायला द्या. ॲल्युमिनियमचा के-अल्फा, म्हणजे के-मालिकेतला मुख्य एक्स-रे मोजला तर १,४८७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) भरतो. मोझलीचा नियम सांगतो, की ही ऊर्जा म्हणजे १०.२ गुणिले (अणुअंक उणे १) चा वर्ग. मग १,४८७ ला १०.२ ने भागायचं: १४५.८. त्याचं वर्गमूळ १२.०७. त्यात १ मिळवला की १३.०७. म्हणजे १३. इथे मात्र पूर्णांकात घेणं योग्य आहे, कारण प्रोटॉन अर्धा असत नाही आणि हा नियम थोडा ढोबळ आहे. तुमच्या कास्टिंगमधल्या मॅग्नेशियमसाठी १,२५४ आणि सिलिकॉनसाठी १,७४० घेऊन बघायला सांगा. १२ आणि १४च्या अगदी जवळची उत्तरं येतात. (जाता जाता: ॲल्युमिनियमचा हा एक्स-रे इतका मवाळ असतो, की थोडी हवासुद्धा त्यातला बराचसा गिळते. म्हणून भंगारवाल्याकडच्या जुन्या हातातल्या गनवर ॲल्युमिनियम दिसत नाही आणि 'मशीन खोटं बोलतंय' अशी तक्रार आमच्याकडे येते.)

आता २७.

हा आकडा मिळतो तो वजन करून. एकेका अणूचं वजन करायची युक्ती फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये केंब्रिजला पक्की केली. अणूला विद्युतभार द्यायचा, वेगाने सोडायचा आणि विद्युत व चुंबकीय क्षेत्रांतून वळवायचा. हलका जास्त वळतो, जड कमी. १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते याच कामासाठी. आज पाण्यात धातू किती आहेत हे तपासायच्या लॅबमध्ये आयसीपी-एमएस नावाचं मशीन असतं, ते ॲस्टन यांच्याच कल्पनेचं नातवंड. त्याच्या पडद्यावर आडव्या अक्षावर वस्तुमान असतं आणि जिथे अणू पोहोचतात तिथे सुळका उभा राहतो.

तुमच्या एलएम-२५ च्या कास्टिंगचा तुकडा ॲसिडात विरघळवून या मशीनवर घातला, तर काय दिसतं ते सांगते, कारण ते बघण्यासारखं असतं. या मिश्रधातूत ॲल्युमिनियमबरोबर साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याच्या आत मॅग्नेशियम असतं. पडद्यावर २४, २५, २६ ला मॅग्नेशियम. २८, २९, ३० ला सिलिकॉन (२८ वर हवेतल्या नायट्रोजनचा दंगाही असतो, तो ओळखून बाजूला काढावा लागतो). आणि मधोमध २७ वर एकच एक उंच सुळका: ॲल्युमिनियम. २६ वर त्याचं काही नाही, २८ वर काही नाही. मॅग्नेशियमचे तीन प्रकार, सिलिकॉनचे तीन प्रकार, आणि मधला हा गडी एकटा. निसर्गात सापडणाऱ्या ॲल्युमिनियमचा जवळपास प्रत्येक अणू २७ चाच आहे. राधानगरी आणि शाहूवाडीच्या सड्यांवरच्या बॉक्साइटमधला असो, नाहीतर तुमच्या घरातल्या पातेल्यातला.

या चित्रातली अजून एक गंमत. मॅग्नेशियमचा २६ वाला अणू घ्या: २६ − १२ = १४ न्यूट्रॉन. ॲल्युमिनियम: २७ − १३ = १४. सिलिकॉनचा २८ वाला: २८ − १४ = १४. एकाच कास्टिंगमध्ये तीन वेगवेगळी मूलद्रव्यं, न्यूट्रॉन मात्र सारखेच. म्हणजे '१४ न्यूट्रॉन असलेलं मूलद्रव्य कोणतं?' असा प्रश्न कुणी विचारला, तर तो प्रश्नच अपुरा आहे. मूलद्रव्य कोणतं हे प्रोटॉन ठरवतो. त्याचा अणू किती जड आणि टिकणारा की नाही, हे न्यूट्रॉन ठरवतो.

आता पोराच्या ०.०२ कडे येऊ. इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर बरेच शिक्षकही ठोकळेबाज देतात: 'अणुवस्तुमान हे समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या प्रकारांची) सरासरी असतं, म्हणून अपूर्णांक येतो.' क्लोरीनसाठी हे बरोबर आहे. ॲल्युमिनियमसाठी साफ चूक. ज्याचा एकच प्रकार आहे त्याची सरासरी कसली? तरीही तो २७.०० न भरता २६.९८१५३८ भरतो. का?

कारण सुटे भाग आणि जोडलेला अणू यांचं वजन सारखं नसतं. मोजून बघा. एक सुटा हायड्रोजन अणू (म्हणजे एक प्रोटॉन आणि त्याचा इलेक्ट्रॉन) १.००७८२५ एकक भरतो. असे १३ घेतले तर १३.१०१७२५. एक सुटा न्यूट्रॉन १.००८६६५. असे १४ घेतले तर १४.१२१३१०. बेरीज २७.२२३०३५. प्रत्यक्ष ॲल्युमिनियमचा अणू भरतो २६.९८१५३८. तूट ०.२४१४९७, म्हणजे पाव एककाच्या जवळपास. पोराला ०.०२ खुपत होते, खरी घट त्याच्या बारापट आहे!

ही घट कुठे जाते? केंद्रक बांधताना ऊर्जेच्या रूपाने बाहेर जाते. आइन्स्टाइन यांच्या सूत्राने तिचा हिशोब केला तर एका ॲल्युमिनियम अणूमागे सुमारे २२.५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरतात. म्हणजे केंद्रकातल्या २७ कणांपैकी प्रत्येकामागे साधारण ८३ लाख. तो अणू परत सुटा करायचा तर तेवढी ऊर्जा बाहेरून घालावी लागेल. तुलनेला सांगते, मघाचा एक्स-रे १,४८७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा होता, आणि फौंड्रीच्या भट्टीत जे काही वितळतं-उकळतं त्याचा हिशोब अणूमागे एक-दोन-चार इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये होतो. म्हणून भट्टी कितीही तापवली तरी १४ चे १३ होत नाहीत.

मग तूट ०.२४ असताना तक्त्यात फरक ०.०२ एवढाच का दिसतो? कारण मोजायचं माप आपण निवडलेलं आहे. १९६१ पासून कार्बनचा १२ वाला अणू बरोबर १२ एकक धरायचा असं ठरलेलं आहे. कार्बनमध्येही ६ प्रोटॉन आणि ६ न्यूट्रॉन बांधले जाताना घट झालेली असतेच, प्रत्येक कणामागे साधारण ७७ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टची. म्हणजे मापातच घट आधी मुरलेली आहे. ॲल्युमिनियम कार्बनपेक्षा थोडा जास्त घट्ट बांधलेला आहे, ८३ लाख विरुद्ध ७७ लाख. तो जो वरचा थोडा घट्टपणा, तेवढाच तक्त्यात ०.०२ म्हणून दिसतो.

हे पटत नसेल तर माप बदलून बघा. समजा कार्बनऐवजी हायड्रोजनचा अणू बरोबर १ धरला असता. मग ॲल्युमिनियम २६.७७ भरला असता, आणि पोराचं उत्तर १३.९८ ऐवजी १३.७७ आलं असतं. माप बदललं म्हणून अणूतले न्यूट्रॉन बदलतात का? नाही. म्हणजे ती दशांश चिन्हानंतरची शेपूट न्यूट्रॉनविषयी बोलतच नाहीये. हा एकच मुद्दा पोराला दाखवला तरी तो शांत होईल, असं मला वाटतं. निदान दुसरा प्रश्न विचारेपर्यंत.

दुसरा प्रश्न माझ्या अंदाजाने हा असेल: 'मग तक्त्यातला आकडा जवळच्या पूर्णांकात नेला की झालं ना?' इथे सावध. क्लासमध्ये हीच युक्ती शिकवतात आणि ॲल्युमिनियमला ती चालते, म्हणून ती सगळीकडे चालते असं पोरांना वाटतं.

गुजरीतल्या सोन्यावर करून बघा. अणुअंक ७९, अणुवस्तुमान १९६.९७. पूर्णांकात १९७. १९७ − ७९ = ११८. बरोबर. सोन्याचाही ॲल्युमिनियमसारखा निसर्गात एकच प्रकार आहे आणि त्यात ११८ न्यूट्रॉनच असतात.

आता हुपरीला जा. चांदी, अणुअंक ४७, अणुवस्तुमान १०७.८७. पूर्णांकात १०८. १०८ − ४७ = ६१. नियमाने उत्तर ६१ आलं. आणि हुपरीत बनलेल्या पैंजणांपासून करदोट्यांपर्यंत सगळी चांदी धुंडाळली, तरी ६१ न्यूट्रॉनचा अणू हाती लागणार नाही. चांदीचे निसर्गात दोन प्रकार आहेत, १०७ आणि १०९, जवळपास निम्मे-निम्मे: सुमारे ५१.८ टक्के आणि ४८.२ टक्के. एकात ६० न्यूट्रॉन, दुसऱ्यात ६२. १०७.८७ ही त्या दोघांची सरासरी. मधला १०८ वाला अणुभट्टीत तयार करता येतो, पण त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू मोडायला लागणारा वेळ, अडीच मिनिटांच्या आत. तांब्याचंही तेच. ६३.५५ चे ६४ केले, २९ वजा केले, ३५ आले. खरे अणू ३४ वाले आणि ३६ वाले. ३५ वाल्या तांब्याचे निम्मे अणू काही तासांतच मोडतात.

आणि गंमत बघा, चांदीचे १०७.८७ हे १०८ च्या तसे जवळच आहे. म्हणजे 'पूर्णांकाच्या जवळ असेल तर बिनधास्त' हाही नियम खरा नाही. ॲल्युमिनियमला युक्ती चालते ती २६.९८ हे २७ च्या जवळ आहे म्हणून नव्हे. मशीनवर २७ ला एकच सुळका आहे, म्हणून चालते. आधी सुळके बघायचे, मग वजाबाकी. मशीन घरी नसतं हे मान्य, पण समस्थानिकांचा तक्ता मिळतो.

'पण १४च का, १३ का नाहीत?' हे पोराने विचारलं नाही, पण वर्गात निम्मी मुलं १३ लिहितात, कारण कार्बन ६-६, ऑक्सिजन ८-८ असं तोंडपाठ झालेलं असतं. केंद्रकात प्रोटॉन जोडीने राहायला बघतात आणि न्यूट्रॉनही जोडीने. ॲल्युमिनियमचे प्रोटॉन १३, तिथे एक एकटा राहणारच. न्यूट्रॉनही १३ असते तर दोन्हीकडे एकेक बिनजोडीचा, आणि असं केंद्रक बहुधा टिकत नाही. न्यूट्रॉन १४ झाले की निदान एक बाजू तरी जुळते. शेजारपाजारचे विषम अणुअंक बघा: फ्लोरिन ९ आणि १०, सोडियम ११ आणि १२, ॲल्युमिनियम १३ आणि १४, फॉस्फरस १५ आणि १६. चौघांचाही निसर्गात एकच टिकाऊ प्रकार, आणि चौघांतही न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा एकाने जास्त.

तरीही १३ न्यूट्रॉनवाला ॲल्युमिनियम, म्हणजे ॲल्युमिनियम-२६, ही काही कल्पनेतली वस्तू नाही. त्याचं अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षं आहे. एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होऊन त्याचं मॅग्नेशियम-२६ होतं आणि एक ठरावीक गॅमा किरण बाहेर पडतो. नासाच्या एचईएओ-३ उपग्रहाने हाच गॅमा किरण आपल्या आकाशगंगेतून येताना टिपला, त्याचा अहवाल १९८४ मध्ये आला. सात लाख वर्षं हा काळ आकाशगंगेच्या वयापुढे काहीच नाही, म्हणजे तो ॲल्युमिनियम अलीकडे तयार झालेला असणार. तारे आजही मूलद्रव्यं घडवताहेत याचा तो थेट पुरावा ठरला. १९६९ मध्ये मेक्सिकोत अयेंदे इथे पडलेल्या उल्केत मॅग्नेशियम-२६ नेहमीपेक्षा जास्त सापडलं, आणि तेही जिथे ॲल्युमिनियम जास्त तिथेच जास्त. म्हणजे सूर्यमाला जन्मली तेव्हा तिच्यात १३ न्यूट्रॉनवाला ॲल्युमिनियम होता. त्याला आता साडेचारशे कोटी वर्षं झाली. अर्धायुष्यं मोजली तर सहा हजारांवर भरतात, तेव्हा तो मूळचा साठा कधीच संपला.

थोडा मात्र आजही रोज बनतो. आकाशातून येणारे वैश्विक किरण गारगोटीतल्या सिलिकॉनवर आदळले की त्यातून ॲल्युमिनियम-२६ तयार होतो. दगड मातीखाली गाडला गेला की किरण पोहोचत नाहीत, बनणं थांबतं, घटणं चालू राहतं. तो किती उरलाय ते त्याच किरणांनी बनणाऱ्या बेरिलियम-१० शी ताडून दगड किती काळ गाडलेला आहे हे काढतात. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला सापडलेली अश्महत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात ही पद्धत होती. एका न्यूट्रॉनच्या फरकावर आपल्या देशातल्या आदिमानवाची तारीख मागे गेली.

इतिहासातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १४ हा आकडा न्यूट्रॉन सापडायच्या आधीपासून कागदावर होता! १९२० च्या दशकात बहुतेक जण मानायचे, की ॲल्युमिनियमच्या केंद्रकात २७ प्रोटॉन आणि १४ इलेक्ट्रॉन आहेत, बाहेर आणखी १३ इलेक्ट्रॉन फिरतात. वजन जुळलं, भार जुळला, सगळे खूश. वजाबाकी आजचीच होती, फक्त उत्तराला नाव वेगळं. ही मांडणी नायट्रोजनच्या केंद्रकाच्या फिरकीच्या मोजमापांशी जुळेना. १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधल्यावर त्या १४ ना खरं नाव मिळालं. म्हणजे वजाबाकी बरोबर आली एवढ्यावरून आत काय आहे हे सिद्ध होत नाही. ते प्रयोगाने बघावं लागतं.

आणि तो प्रयोग ॲल्युमिनियमवरच झाला. १९३४ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पोलोनियममधून निघणारे अल्फा कण मारले. पत्र्यातून न्यूट्रॉन बाहेर पडले. पोलोनियम बाजूला नेलं तरी पत्र्यातून किरणोत्सार चालूच राहिला, काही मिनिटांत ओसरत गेला. हिशोब असा: ॲल्युमिनियमचे १३ प्रोटॉन, १४ न्यूट्रॉन. अल्फाचे २ आणि २. एकूण १५ प्रोटॉन, १६ न्यूट्रॉन. एक न्यूट्रॉन निसटला, उरले १५ आणि १५. पंधरा प्रोटॉन म्हणजे फॉस्फरस. पण नेहमीच्या फॉस्फरसमध्ये १६ न्यूट्रॉन असतात, हा १५ वाला, म्हणून अस्थिर. नुसत्या हिशोबावर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी पत्रा लगेच हायड्रोक्लोरिक ॲसिडात विरघळवला. ॲल्युमिनियम द्रावणात राहिला आणि किरणोत्सार निघणाऱ्या वायूबरोबर उडून गेला, कारण फॉस्फरसचा फॉस्फीन वायू झाला होता. हे सगळं त्या थोड्या मिनिटांत उरकायचं, नाहीतर मोजायला काही उरत नाही. रोज ॲसिडात नमुने विरघळवणारी बाई म्हणून सांगते, या प्रयोगात मला सर्वांत जास्त कौतुक या घाईचं आहे. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, त्यांना रसायनशास्त्राचं आणि चॅडविक यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

उलटा प्रकारही होतो. ॲल्युमिनियमला एक न्यूट्रॉन जास्त दिला तर १५ न्यूट्रॉनवाला ॲल्युमिनियम-२८ बनतो आणि सव्वादोन मिनिटांच्या अर्धायुष्याने सिलिकॉन होतो. मुळात ॲल्युमिनियम न्यूट्रॉन फारसे गिळतही नाही. १९५६ मध्ये मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) सुरू झालेल्या अप्सरा अणुभट्टीत इंधनाच्या पट्ट्यांना ॲल्युमिनियमचं वेष्टण होतं, ते त्याच्या याच गुणामुळे.

आयनाचा प्रश्न परीक्षेत हमखास येतो, तो पटकन उरकते. तुरटीत किंवा बॉक्साइटमध्ये ॲल्युमिनियम तीन इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. इलेक्ट्रॉन १० उरतात. प्रोटॉन १३, न्यूट्रॉन १४, त्यांना धक्काही लागत नाही. पंचगंगेच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवा नाहीतर ॲनोडायझिंगच्या टाकीत प्लेट बुडवा, केंद्रकाला काही कळत नाही.

पेपरात काय लिहायचं? प्रश्नात अणुवस्तुमानांक २७ दिला असेल तर सरळ २७ − १३ = १४. फक्त २६.९८ दिला असेल तर एक ओळ लिहावी: 'ॲल्युमिनियमचं निसर्गात एकच स्थिर समस्थानिक आहे, त्याचा अणुवस्तुमानांक २७', आणि मग वजाबाकी. '२६.९८ ≈ २७' एवढंच लिहिलं तरी गुण बहुधा मिळतील, पण पोरगा तुमचा आहे, त्याला ते पुरणार नाही असं दिसतंय. त्याला पुढचं म्हणून ब्रोमीन द्या. अणुअंक ३५, अणुवस्तुमान ७९.९०. तो ४५ न्यूट्रॉन काढेल. मग समस्थानिकांच्या तक्त्यात ४५ वाला शोधायला सांगा. निसर्गात सापडणाऱ्यांत त्याला ४४ दिसतील, ४६ दिसतील.